‘क्लोस-निट’ : घट्ट नात्यांचं हे इंग्रजी विशेषण नेमकं कुणाला लावायचं?

काजळरेघ

जवळच्या नात्यांसाठी इंग्रजीत विशेषणांची काही वाण नाही. क्लोस, डिअर, इंटिमेट, इन्सेपरेबल, डिव्होटेड, अशी रांगच लावता येईल. त्यातलं एक सध्या फार ऐकू येतं आणि फार चुकीच्या जागी बसवलं जातं, ते म्हणजे ‘क्लोस-निट’. लोकांची इंग्रजी पत्रं आणि अर्ज तपासण्याचं काम मी करते. त्यात हमखास दिसणारी दोन वाक्यं अशी: ‘शी इज माय क्लोस-निट फ्रेंड’ आणि ‘वी हॅव अ क्लोस-निट रिलेशनशिप’. दोन्ही वाक्यांचा अर्थ कळतो, पण ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो दोन्हीकडे अडखळतो.

का अडखळतो? कारण हे विशेषण माणसाचं नाही आणि नात्याचंही नाही. ते घोळक्याचं आहे. कुटुंब, चमू, वस्ती, मित्रांचा गट, छोटं गाव, जिथे बरीच माणसं आहेत आणि त्यातला जवळपास प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाशी बांधलेला आहे, त्या सगळ्यांना मिळून ‘क्लोस-निट’ म्हणायचं. एकट्या मैत्रिणीला ‘क्लोस फ्रेंड’ पुरे. दोघांच्या नात्याला ‘क्लोस रिलेशनशिप’ पुरे. तिथे ‘निट’ जोडल्याने प्रेम वाढत नाही, वाक्य तेवढं बिघडतं.

आपल्या बोलण्यातही ही वाटणी आहेच. माणूस जिवलग असतो, नातं घनिष्ठ असतं, कुटुंबात एकोपा असतो. ‘माझा एकोप्याचा मित्र’ असं आपण चुकूनही म्हणणार नाही. इंग्रजीत लिहिताना हाच कान जागा ठेवला तरी पुष्कळ काम होतं.

उच्चाराचंही सांगून टाकते. पहिला शब्द ‘क्लोस’, शेवटी ‘स’. दार बंद करायचं ते ‘क्लोज’, जवळ असायचं ते ‘क्लोस’. आणि ‘निट’ ऱ्हस्व, त्यातला ‘के’ मुका.

तुम्ही हा शब्द कुठे वाचलात, कसा वापरता, आणि मराठीत त्याला काय म्हणता, ते वाचायला आवडेल.

पायवाट

चांगला विषय. एक शंका. दोन बहिणींना ‘क्लोस-निट सिस्टर्स’ म्हटलं तर?

काजळरेघ

पायवाट, दोघीच असतील तर ‘द सिस्टर्स आर व्हेरी क्लोस’ हे सरळ आणि चांगलं. पाच बहिणी असतील तर ‘अ क्लोस-निट ग्रुप ऑफ सिस्टर्स’ बिनधास्त लिहा. दोन माणसांत धागा एकच असतो, आणि एका धाग्याची वीण होत नाही.

उलटसुलट

या बाबतीत मी थोडा भांडणार आहे. ‘निट’ हे क्रियापद इंग्रजीत दोन जिवांसाठी फार जुन्या काळापासून वापरलेलं आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात योनाथान आणि दावीद यांच्या मैत्रीचं वर्णन आहे, तिथे योनाथानाचा आत्मा दाविदाच्या आत्म्याशी ‘निट’ झाला असंच म्हटलंय. दोनच माणसं, आणि मैत्री इतकी गाढ की दोघांची नावं आजही जोडीने घेतली जातात. मग दोघांसाठी हा शब्द चालत नाही कसं म्हणायचं?

मुळाक्षर

उलटसुलट, तुमचं उदाहरण बरोबर आहे, पण ते ‘निट’चं आहे, ‘क्लोस-निट’चं नाही. आणि नेमकं तिथेच या शब्दाचं मूळ हाती लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘निट’ म्हटलं की आज डोळ्यांपुढे लोकर आणि सुया येतात. पण जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता गाठ मारणं, बांधणं. ‘नॉट’ म्हणजे गाठ, हा त्याचाच सख्खा भाऊ. दोन्हींच्या सुरुवातीचा ‘के’ एकेकाळी उच्चारला जायचा, आता नुसता लिहायला उरलाय. सुयांवर टाके घालून विणणं हा अर्थ नंतर आला आणि बाकीचे अर्थ झाकून बसला. तरी जुना अर्थ अजून ठिकठिकाणी डोकावतो. मोडलेलं हाड सांधलं की इंग्रजीत ते ‘निट’ होतं. कपाळाला आठ्या घातल्या की भुवया ‘निट’ होतात. हाडाला आणि भुवयांना कुणी सुया लावत नाही, तिथे दोन कडा एकत्र येऊन बांधल्या जाणं एवढाच अर्थ आहे. योनाथान आणि दावीद यांचं ‘निट’ होणं हेही बांधलं जाणंच. ते क्रियापद आहे आणि दोघांना चालतं.

‘क्लोस-निट’ हे त्यापासून बनलेलं विशेषण असलं तरी आजचा वाचक ते ऐकताना कापड पाहतो, घट्ट विणलेलं. कापड पाहिलं की अनेक धागे आलेच. म्हणून वापर समूहापुरता राहिला. काजळरेघ यांचं म्हणणं मला पटतं.

‘क्लोस-निटेड’ का नाही, असंही पुष्कळ जण विचारतात. ‘निट’चं भूतकाळी रूप ‘निट’ही होतं आणि ‘निटेड’ही. अंगात घालायच्या स्वेटरला ‘निटेड’, आणि अलंकारिक अर्थाने बांधल्या गेलेल्या गोष्टीला बहुधा ‘निट’, अशी साधारण विभागणी वापरात दिसते. म्हणून कुटुंब ‘क्लोस-निट’ किंवा ‘क्लोसली निट’.

उलटसुलट

हाड सांधण्याचं उदाहरण आवडलं. पटलं.

दुपारउन्ह

‘टाइट-निट’ आणि ‘क्लोस-निट’ यात काही फरक आहे का?

मुळाक्षर

अर्थाच्या दृष्टीने फरक नाही म्हटलं तरी चालेल. ‘टाइट-निट’ अमेरिकन लिखाणात जास्त दिसतं. माझ्या कानाला त्यात आवळलेपणाची छटा किंचित अधिक लागते, पण त्यावर अडून बसू नका. उलट अर्थाला ‘लूस-निट’ किंवा ‘लूसली निट’ आहे. ‘टाइटली निट’ मात्र माणसांच्या पलीकडेही जातं. कथानक, युक्तिवाद, निबंध ‘टाइटली निट’ असू शकतात. आणि ‘वेल-निट’ म्हणजे शरीराने बांधेसूद.

आता यात आपल्या भाषेची गंमत बघा. कथानकाला आपणही ‘घट्ट बांधणीचं’ म्हणतो, शरीराला ‘बांधेसूद’ म्हणतो. दोन्हीकडे ‘बांधणं’. म्हणजे इंग्रजीतला तो झाकला गेलेला जुना अर्थ आपल्याकडे उघड्यावर नांदतोय.

सांजवारा

मी समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे हा धागा पाहून राहवलं नाही. आमच्या विषयात ‘क्लोस-निट’ हा भावनेचा शब्द नाहीच, जवळजवळ मोजमापाचा शब्द आहे. त्याची गोष्ट मला फार प्रिय आहे.

एलिझाबेथ बॉट या संशोधिकेने लंडनमधल्या २० कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला आणि तो १९५७ साली पुस्तकरूपाने आला. तिला पडलेलं कोडं असं होतं की, काही घरांत नवरा-बायकोची कामं, मित्रमंडळी, विरंगुळा सगळं वेगवेगळं, तर काही घरांत दोघं सगळं मिळून करतात. हे असं का? तिने नवरा-बायकोकडे बघायचं सोडून त्यांच्या आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं. या जोडप्याचे मित्र, नातेवाईक, शेजारी आपापसात एकमेकांना ओळखतात का? जिथे ते एकमेकांना ओळखत होते त्या गोतावळ्याला तिने ‘क्लोस-निट’ म्हटलं, जिथे ओळखत नव्हते त्याला ‘लूस-निट’. आणि तिला दिसलं की गोतावळ्याची वीण जितकी घट्ट, तितकी नवरा-बायकोची कामं वेगळी. कारण बाईला हवी ती मदत तिच्या बायकांकडून मिळते, पुरुषाला त्याच्या मित्रांकडून, आणि ‘असंच असतं’ हे सांगायला सगळे एका सुरात हजर असतात. वीण सैल असेल तर दोघांना एकमेकांवरच विसंबावं लागतं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तिचा प्रश्न ‘तुझं त्यांच्यावर किती प्रेम आहे’ हा नव्हता, ‘ते एकमेकांना ओळखतात का’ हा होता. समजा तुम्हाला दहा जिवलग आहेत, पण त्यातल्या कुणीच दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. तुमचं प्रत्येकाशी नातं क्लोस आहे, तरी तो गट क्लोस-निट नाही. तो मुळात गटच नाही, दहा वेगळे धागे तुमच्या हातात आहेत इतकंच. दहा जणांचा गट पूर्ण विणलेला हवा असेल तर आपापसात ४५ जोड्या जुळाव्या लागतात. चौघांना सहाच पुरतात. पन्नास जणांना १,२२५. म्हणून घर, छोटा चमू, गल्ली हे सहज क्लोस-निट होतात आणि आख्खं महानगर कधीच होत नाही. कुणी महानगराला हे विशेषण लावलं तर समजावं की तो मनातल्या मनात एखाद्या वस्तीबद्दलच बोलतोय.

पायवाट

सांजवारा, हा प्रतिसाद वेगळ्या लेखाच्या तोडीचा आहे. ‘ते एकमेकांना ओळखतात का’ ही कसोटी लक्षात ठेवीन.

काजळरेघ

सांजवाराताई, मनापासून आभार. भाषेवर या विणीचा काही परिणाम होतो का? कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

सांजवारा

होतो, आणि तो शोधही सुरेख आहे. लेस्ली मिलरॉय या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी बेलफास्टमधल्या तीन कामगार वस्त्यांत लोकांचं बोलणं टिपलं. त्यांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक माणूस वस्तीत किती गुंतलाय हे त्यांनी ठोस गोष्टींवरून पाहिलं: नातेवाईक त्याच वस्तीत आहेत का, कामावर सोबत वस्तीतलीच माणसं आहेत का, कामानंतरचा मोकळा वेळही त्यांच्यासोबतच जातो का. सर्वसाधारणपणे जो जास्त गुंतलेला, त्याच्या तोंडी वस्तीची स्वतःची बोली जास्त पक्की. म्हणजे घट्ट विणीतली माणसं नुसती एकमेकांच्या मदतीला धावत नाहीत, एकमेकांचे उच्चारही जपतात. शाळा आणि प्रतिष्ठा प्रमाण भाषेकडे ओढत असतानाही बोली टिकून राहते, ती या गुंतवळीच्या बळावर.

दुपारउन्ह

मग हा शब्द नेहमी कौतुकाचाच का वाटतो? अशा गटात बाहेरच्या माणसाचं काय होतं, ते कुणी बोलतच नाही. लग्न होऊन, बदली होऊन किंवा नव्याने रुजू होऊन अशा गटात गेलेल्याला विचारा. सगळ्यांचे विनोद जुने, सगळ्यांच्या आठवणी एकत्र, आणि आपण मधोमध बसूनही बाहेर.

मुळाक्षर

दुपारउन्ह, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत, आणि ते शब्दाच्या पोटातच आहे. ‘क्लोस’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन, आणि तिथे अर्थ ‘बंद केलेलं’. मधलं अंतर बंद झालं की जवळ. जवळ असणं आणि दार लावलेलं असणं हे एकाच मुळातून आलेत.

इंग्रजीत नापसंती दाखवायला वेगळे शब्द आहेत. आपल्याच लोकांत राहणाऱ्यांना ‘क्लॅनिश’, कंपू करून इतरांना दूर ठेवणाऱ्यांना ‘क्लिकिश’, बाहेरच्या जगाशी देणंघेणं नसलेल्यांना ‘इन्सुलर’. पुष्कळदा एकाच घराला आतला माणूस ‘क्लोस-निट’ म्हणतो आणि बाहेरचा ‘क्लॅनिश’. म्हणून दुसऱ्याच्या लिखाणात हे विशेषण आलं की ते कोण म्हणतंय हे आधी पाहावं.

सांजवारा

याला जोडून एक. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा लेख आमच्या विषयात सगळ्यांनी वाचलेला असतो. अमेरिकेत बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं की नोकरीची खबर ज्याच्याकडून लागली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर होतं, अधूनमधून. वरचेवर भेटणारे सहाजणांत एक इतकेच. कारण उघड आहे. घट्ट गटात जे एकाला माहीत ते सगळ्यांना माहीत. नवी खबर येते ती गटाबाहेर पाय असलेल्या, जेमतेम ओळखीच्या माणसाकडून.

तरी मी घट्ट विणीच्या बाजूची आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. खबर आणायला सैल ओळखी कामी येतात. आजारपणात रात्री उशाशी बसायला मात्र घट्ट विणीतलंच माणूस येतं, आणि एकाचं झाल्यावर दुसरं येतं, कारण त्यांनी आपापसात पाळ्या आधीच ठरवलेल्या असतात. ‘एकमेकांना ओळखतात का’ या प्रश्नाचं मोल तिथे कळतं. दहा वेगवेगळ्या जिवलगांना पाळ्या लावता येत नाहीत, प्रत्येकाला फोन स्वतः आजाऱ्यानेच करावा लागतो.

उलटसुलट

पाळ्यांचं हे उदाहरण शंभर टक्के खरं.

आता ‘इंटिमेट’बद्दल कुणीतरी लिहा. आमच्या कार्यालयात शिफारसपत्रात ‘ही इज माय इंटिमेट फ्रेंड’ असं लिहिलेलं मी वाचलंय.

काजळरेघ

हो, यावर लिहायलाच हवं. ‘इंटिमेट’ हा कधीकाळी निखळ मैत्रीचा शब्द होता. जुन्या इंग्रजी लिखाणात ‘इंटिमेट फ्रेंड’ म्हणजे अगदी आतल्या गोटातला मित्र, त्यात दुसरं काही नाही. आज मात्र दोन माणसांबद्दल हा शब्द आला की शारीरिक जवळिकीची छटा येतेच, आणि ‘टु बी इंटिमेट विथ’ म्हणजे तर थेट शरीरसंबंध. म्हणून सहकारी, शिक्षक, शेजारी यांच्याबद्दल पत्रात तो टाळावा. वस्तू आणि जागांबाबत निर्धोक आहे. एखाद्या विषयाचं ‘इंटिमेट नॉलेज’ म्हणजे सखोल, आतून असलेली माहिती. ‘इंटिमेट’ जागा म्हणजे छोटी आणि आपलेपणाची.

शिवाय हाच शब्द क्रियापद होतो तेव्हा शेवटचा उच्चार लांबतो, ‘इंटिमेट’चा ‘इंटिमेऽट’ होतो, आणि अर्थ सुचवणं. आपल्याकडच्या सरकारी पत्रांत तो ‘कळवणे’ म्हणून मुक्काम करून आहे. बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना तिथे साधं ‘इन्फॉर्म’ वापरा.

पायवाट

आणि ‘थिक फ्रेंड्स’? लहानपणापासून ऐकतोय.

मुळाक्षर

तो आपल्या उपखंडाने जोपासलेला प्रयोग आहे. ब्रिटिश बोलीत ‘दे आर व्हेरी थिक’ असं म्हणायची जुनी पद्धत होती, आणि ‘थिक ॲज थीव्ह्ज’ हा वाक्प्रचार तर आजही जिवंत आहे. नामाच्या आधी विशेषण म्हणून ‘थिक फ्रेंड’ मात्र इतरत्र गोंधळात टाकतं, कारण ब्रिटनमध्ये ‘थिक’ माणूस म्हणजे मंदबुद्धीचा.

‘थिक ॲज थीव्ह्ज’ला मराठीत मला ‘मेतकूट जमलंय’ सगळ्यात जवळचं वाटतं. दोघांचं खूप जमतं, काहीतरी आपसांत गुपचूप शिजतंय, पण गुन्हाच असेल असं नाही. ‘गूळपीठ’ जरा जास्त संशयाचं, आणि ‘साटंलोटं’ म्हटलं की फायदा-तोट्याचा व्यवहार आला.

काजळरेघ

आता माझा मूळ प्रश्न. मराठीत ‘क्लोस-निट फॅमिली’ला काय म्हणायचं? अनुवादांत हल्ली ‘घट्ट विणलेलं कुटुंब’ वाचायला मिळतं. मला ते खुपतं. ‘नात्यांची वीण’ हा आपलाच प्रयोग आहे, वीण घट्ट असते, सैल होते, उसवते, सगळं चालतं. पण विणलेली असतात ती नाती. कुटुंब कुणी विणत नाही.

दुपारउन्ह

एकोप्याचं कुटुंब?

सांजवारा

‘एकोपा’ छान आहे, पण त्यात भांडण नाही हा अर्थ आधी येतो. क्लोस-निट घरात कडाक्याची भांडणं होऊ शकतात. उलट जिथे सगळे सगळ्यांच्या आयुष्यात असतात तिथे ती जास्तच होतात.

पायवाट

आमची आजी म्हणायची, ‘ती सगळी भावंडं एकमेकांना धरून आहेत.’ भाषांतराच्या चर्चेत बसतं का माहीत नाही, पण मला तरी तेच आठवलं.

काजळरेघ

पायवाट, सापडलं! ‘एकमेकांना धरून असणं.’ यात समूह आहे, कारण एकटा माणूस एकमेकांना धरू शकत नाही. घट्टपणा आहे. भांडण नाही असा दावा नाही, भांडूनही धरून राहता येतं. सांजवाराताईंची ‘ते एकमेकांना ओळखतात का’ ही कसोटीही यात आपोआप येते, धरलंय कुणी कुणाला तर सगळ्यांनी सगळ्यांना. आणि बोलताना कुणालाही कळतं. विशेषण नाही, क्रिया आहे, पण मराठी वाक्य क्रियेवर जास्त मोकळं चालतं. ‘दे आर अ क्लोस-निट फॅमिली’ याचं ‘त्या घरातली माणसं एकमेकांना धरून आहेत’. मी इथून पुढे हेच वापरणार.

मुळाक्षर

उत्तम. वस्तीलाही बसतं. एखाद्या लहान गावात अपघात झाला की इंग्रजी बातमीत ‘टाइट-निट कम्युनिटी’ हा शब्द ठरल्यासारखा येतो, तिथेही ‘एकमेकांना धरून राहणारं गाव’ हे नीट वाचता येईल. फक्त बातमीत ते खरं असेल तरच लिहावं. नुसतं गाव लहान आहे म्हणून माणसं एकमेकांना धरून असतात असं नाही.

उलटसुलट

माझं एक काम अडलंय, जाता जाता सांगा. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ निवृत्त होतायत. निरोपाच्या इंग्रजी भाषणात मी लिहिलंय, ‘अंडर हिम वी बिकेम अ क्लोस-निट टीम.’ व्याकरण ठीक आहे ना?

काजळरेघ

व्याकरण ठीक आहे, शब्दही योग्य जागी आहे. जोडचिन्ह राहू द्या, नामाआधी ते हवंच. पण हे वाक्य नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानावरून घसरेल. लगेच पुढे एक ठोस गोष्ट जोडा. तुमच्यातल्या कुणाचं काम अडलं तेव्हा न सांगता ते कुणी उचललं, एकमेकांची कामं शिकून घ्या असा आग्रह त्यांनी कसा धरला, असं काही. त्या गोष्टीत किमान तीन माणसं येऊ द्या, आणि त्यांची नावं घ्या.

उलटसुलट

तशी एक गोष्ट आहे. तिघंच नाही, पाच जण आहेत त्यात. आज रात्री लिहून काढतो, उद्या इथे टाकतो, तपासून द्या.